खांदेपालट

सांधा मी आधी हातात मागितला.
डॉक्टर हसले, पण नमुना दिला:
आरशासारखा गोळा.
अंगठ्याने फिरवून पाहिला, नखाला कुठे अडला नाही.
छत्तीस वर्षं भोसरीत लेथवर उभा होतो.
म्हटलं, फिनिशिंग चांगलं आहे. बसवा.

सही करताना
धोक्यांची यादी चष्म्याशिवाय वाचली,
म्हणजे वाचली नाही.
शंका होती ती फक्त धातूची –
किती सैल, किती घट्ट, किती वर्षं.
नळीचा विचारच केला नाही.

नवव्या दिवशी, खडकीच्या घरी,
पहिल्याच जिन्याच्या पाचव्या पायरीवर
खांदा शांत. दम मात्र गेला.
कुलंट बंद पडलं की
मशीन आधी काही बोलत नाही,
नुसता वास येतो.

"गुठळी," कॅज्युअल्टीतली पोरगी म्हणाली,
"हाताच्या शिरेत झाली, फुफ्फुसात गेली."
"पिठल्यात होते तशी?" कुंदाने विचारलं.
"तशीच."
कोणी हसलं नाही.

मग पोटात सुया. निळे डाग,
सकाळचे डावीकडे, रात्रीचे उजवीकडे.
गोळी संध्याकाळी सातला. मेथी बेताने.
दर सोमवारी डाव्या हातातून रक्त,
रिपोर्टवर आकडा: दोन पॉइंट चार.
दोन ते तीनच्या मधे हवा. टॉलरन्स मला समजतो.

रक्ताचं पाणी केलं, म्हणायचो मुलांना,
ओव्हरटाइमचा हिशेब सांगताना, जरा ऐटीत.
तेव्हा ते बोलण्यापुरतं होतं.
आता डॉक्टर करतायत,
थोडं थोडं, लिहून देऊन.

गेल्या साली काळोखेला खांदा दिला.
हाच, उजवा, जुना.
स्मशानाच्या वळणावर आत कट् झालं.
मागचा म्हणाला, पालटा.
पालटला नाही मी.
आयुष्यभर शेजारच्या मशीनवर होता तो,
अर्ध्या रस्त्यात कसा सोडू?
नव्याने अजून कोणालाच उचललेलं नाही.
फिजिओ भिंतीवर बोटं चढवायला लावते.
काल कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत पोचलो.

रात्री जागा असतो.
कुंदा झोपेत असल्यासारखी
छातीवर हात ठेवते,
वजन न टाकता.
मी श्वास मोजत नाही.
ती मोजते.