तेरा फोटो

तौसीफ मुजावरनं तेरा फोटो पाठवले,
माधवनगर रस्त्याच्या बंद सूतगिरणीचे.
खाली एकच ओळ : बघ, खेळ होतोय का.

मी विश्रामबागेत, तिसऱ्या मजल्यावर,
जेवणाच्या टेबलावर पुठ्ठा कापत बसते.
नवरा ताट घेऊन सोफ्यावर जातो,
आता विचारतही नाही.

चौथा फोटो : छताचा पत्रा उडालेला,
उन्हाचा चौकोन थेट फरशीवर.
चौकोन दिसला की माझं बोट मोजायला लागतं,
ही सवय, हिला इलाज नाही.
इथून तिथवर सहा घरं,
खांब आला की तिरकं जायचं.

सातवा : भिंतीवर पुराच्या तीन रेघा,
वरची माणसाच्या गळ्याएवढी.
मी नियम लिहिला :
निळा पत्ता निघाला की पाणी एक रेघ चढतं,
सोंगटी खाली सापडली तर बाद.
लिहिताना हात अडखळला नाही,
हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.
त्या साली आमचाही फ्रिज तरंगला होता.

नववा : खुंट्यांची रांग, एकीवर जर्मनचा डबा.
डब्यात मी किल्ली लपवली.

अकरावा : हजेरीच्या कार्डांचं लाकडी कपाट,
दोनशे कप्पे, एकात चिमणीचं घरटं.
तिथं पडलात तर एक डाव विश्रांती.

पुण्याचा प्रकाशक फोनवर म्हणाला, भूत घाला,
भुताशिवाय पडकी इमारत खपत नाही.
काढलं एक.
एसटीच्या सीटवर जागा धरायला टाकलेल्या
रुमालासारखं दिसत होतं.

चाचणीला चौथा भिडू कमी पडला
म्हणून खालच्या चौगुल्यांच्या नेमाक्कांना बोलावलं.
त्या चटणीची बरणी परत न्यायला आल्या होत्या.
वाइंडिंग खात्यात एकोणीस वर्षं,
हे मला माहीत नव्हतं. शेजारी राहून.

त्यांनी फासा पदराला पुसला, टाकला. पाच.
सोंगटी उचलली, आणि माझ्या बाणावरून गेल्याच नाहीत.
"हितं दार न्हवतं. दार हिकडं.
आन् भायेर उघडायचं, आत न्हवं.
आत उघडत हुतं तवा सुट्टीला बायका चेंगरायच्या.
भांडून बदलून घेतलं आमी."

मी खोडरबर शोधलं.

"त्यो डबा शेवंताचा.
रातपाळीला कुनी उपाशी आलं तर म्हनून ठिवायची.
किल्ली काय ठिवतीस त्यात? भाकरी ठेव."

भुताकडं बराच वेळ बघितलं.
"ह्यो कोन? सुपरवायझर व्हय?"

मग निळा पत्ता निघाला. लगेच दुसरा.
पाणी मधल्या रेघेवर.
माझी, माझ्या भाच्याची, नवऱ्याची,
सगळ्या सोंगट्या फाटकाकडं पळाल्या.
नेमाक्कांची लाल तेवढी वाइंडिंगच्या घरात.
भाचा ओरडला, आजी, पळा की, बाद व्हाल!
"कुटं पळतो? मशीन चालू हाय माझं."

नियमांची वही उघडली.
बुडणाऱ्याचं लिहिलं होतं, पळणाऱ्याचं लिहिलं होतं.
थांबणाऱ्याबद्दल एक ओळ नव्हती.
फासा कुणाच्या हातात द्यायचा कळेना.
त्यांनी बरणी घेतली, चपला घातल्या,
सोंगटीला म्हणाल्या, ऱ्हा तू.
पटावरून ती अजून मी उचललेली नाही.
जेवतानाही नाही. आता मीही सोफ्यावर बसते.

रात्री तौसीफला लिहिलं : चौदावा फोटो हवा,
वाइंडिंगच्या दाराचा. कुठल्या बाजूला उघडतं ते दिसू दे.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं :
दार नाही गं. कुणीतरी जळणाला नेलंय.
नुसती चौकट उरली आहे.

पाच मिनिटांनी परत :
बिजागऱ्या आहेत पण.
बाहेरच्या अंगाला.