एक टिक

पूर्णगड मागे पडला तेव्हा दोन काड्या होत्या.
रेंजच्या काड्या. इस्माईलभाई त्यांना काटे म्हणतात:
"बाई, तुमच्या फोनात काटे किती?"
दोन, मी सांगते. मग एक.
मग नुसतं पाणी.

होडीचं नाव टिटवी. सव्वीस फूट, दोन शिडं,
आणि एक इंजिन, जे फक्त इस्माईलभाईंचं ऐकतं.
रत्नागिरीहून पहाटे निघालो मतलईवर,
शेणी, ओलं गवत, कुणाच्या तरी चुलीचा धूर
असा जमिनीचा वास बराच वेळ सोबत आला.
दुपारी वारा फिरून खारा झाला
आणि आम्हाला दक्षिणेकडे ढकलू लागला.

लोक विचारतात, समुद्रात एकटं नाही वाटत?
वायरलेसवर सोळा नंबरला अख्खा किनारा जागा असतो.
साखरीनाट्याचा एक जण जयगडच्या दुसऱ्याला
बांगड्याचा भाव विचारतो, उत्तराआधी शिवी येते,
आणि मधेच कुठल्याशा जेटीवरून एक लहान आवाज:
"बाबा, येताना खाऊ आणा."
मग क्षणभर कुणीच बोलत नाही.
प्रत्येक ट्रॉलरला वाटतं, आपल्यालाच सांगितलं.

फोनची रीत वेगळी.
तो दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालायचा, तोंडाला रबर,
निशाणाच्या दोरीला बांधून
ओढायचा डोलकाठीच्या टोकापर्यंत.
दहा मिनिटं तिथे झुलू द्यायचा.
खाली उतरवला की पोटात साठलेलं सगळं निघतं:
वीजबिल, बँक, भाचीच्या मुलाचा पहिला दात,
कुणा परक्याच्या मुंजीचं आमंत्रण.
गळच तो. काय लागेल सांगता येत नाही.

आंबोळगडच्या अलीकडे, चारच्या सुमारास,
फोन हातात होता, काटा एक,
आणि वामनच्या नावाखाली उमटलं
टाइप करत आहे…

वामन, माझा धाकटा भाऊ.
आडिवऱ्याच्या आगरावरून सहा वर्षं
त्याने लिहिलं नव्हतं, मीही नाही.
बावीस माड, एक विहीर,
आणि तलाठ्याच्या कचेरीत सगळ्यांदेखत
मी बोललेलं एक वाक्य.

टाइप करत आहे…
थांबला.
टाइप करत आहे…
आणि टोक आडवं आलं.
काळा कातळ, वर करवंदीची जाळी, त्याच्याही वर घार.
काटा गेला.

"फिरवा," मी म्हटलं.
इस्माईलभाईंनी आधी वारा बघितला, मग मला.
मागे जायचं म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर, नागमोडी,
आणि विजयदुर्ग उजेडात गाठायचा होता,
अंधारात जाळ्यांचे बोये दिसत नाहीत.
कोण, काय, काही विचारलं नाही. सुकाणू दाबलं.
शीड चिडल्यासारखं फडफडलं,
चहाचा टोप कलंडून फळ्यांवरून वाहत गेला.
एवढंच पुटपुटले: "साखर होती शेवटची."

पाऊण तासाने काटा आला.
इतका थांबत थांबत लिहून एकच ओळ:
नारळ पाडले. तुझे वेगळे ठेवलेत.

किती, ते नाही.
ह्या पाडणीचे की सहा वर्षांचे, तेही नाही.
मी लिहिलं. खोडलं. परत लिहिलं.
तो बघत असेल तर त्यालाही दिसलं असेल
माझं सुरू होणं आणि थांबणं.
शेवटी लिहिलं: उद्या विजयदुर्ग. न्यायला येते. सोलू नकोस.
बोट उचललं, आणि लाटेने आम्हाला पुन्हा
टोकाच्या सावलीत सरकवलं.

आता सूर्य बुडालाय.
फोन वर आहे, दुधाच्या पिशवीत,
डोलकाठीबरोबर इकडून तिकडे झुलतो,
मधून मधून आपला आपणच उजळतो.
इस्माईलभाई मान वर करून बघतात, बिनसाखरेचा चहा पितात.
"गेला असेल," म्हणतात.

एक टिक की दोन,
इथून दिसत नाही.