पाच राउंड

घाटंजीच्या पलीकडं मुरमाची टेकडी,
तिच्या पोटाशी मातीचा बांध, लाल झेंडी.
बकऱ्यावाल्याला सकाळीच दूर धाडलेलं.
वर्षातून एकदा आम्हा होमगार्डच्या बायांना
रायफल मिळते. पाच राउंड.
एरवी गणपतीत काठी, निवडणुकीत काठी,
दहावीच्या पेपरला शाळेच्या फाटकात काठी.

थ्री नॉट थ्री. माझ्या सासऱ्याहून वयानं मोठी.
कोणत्या लढाईला गेली, किती खांद्यांना टेकली,
लोखंडावर आकडे आहेत, पण पुसट.
दस्त्याला मात्र जवसाच्या तेलाचा वास,
चटणी कुटताना येतो तोच,
म्हणून मी तिला भ्याले नाही.
भ्याले ते पहिल्या गोळीनंतर.

वर्दीच्या आत मी घरच्या कापसाची घडी ठेवली होती,
सरकी काढून, जुन्या ओढणीत शिवून.
गेडाम हवालदारांनी वरूनच ओळखलं.
म्हणाले, असू दे.
पण कापूस धक्का खात नाही, ठवरे. हाड खाते.

फोडणी तडतडताना कढई धरावी
तशी मी ती अंगापासून जराशी लांब धरली.
तेवढ्या बोटभर फटीतून
ती धावत आली
आणि हासळीवर बसली.
कानात शिट्टी. तोंडात माती.
गोळी कुठं गेली ते टेकडीला ठाऊक.

गेडाम शेजारी उकिडवे बसले, हळू आवाजात,
गाय दूध देईना तेव्हा बोलतात तसं:
दूर धरशील तर मारन.
जवळ घेशील तर फक्त ढकलन.
खांद्याच्या खळग्यात रुतव तिले. गाल लाकडावर.
कोपर खाली. टाचा जमिनीला.
श्वास अर्धा सोड, अर्धा राहू दे.
घोड्याचा पहिला दाब, थांब,
मग दुसरा, असा की तुलेच कळू नये.
आन् डोळे काऊन मिटतं? ते तर येणारच हाये.

दुसरी. तिसरी.
तिसरीला मी तिच्यासोबत मागं गेले,
पाळणा जातो तशी,
आणि पुन्हा होते तिथं आले.
चौथी कागदाला लागली, कोपऱ्यात का होईना.
पाचवीचं काही आठवत नाही.
मग एक रिकामं काडतूस मोजणीत कमी भरलं.
तेरा बाया तरोट्याच्या वाळल्या झुडपांत
उन्हात अर्धा तास वाकून.
निर्मला खडसेच्या बुटात निघालं.

रात्री हात वर जाईना.
पोरीनं माझी वेणी घातली, वाकडी.
सकाळी खांद्यावर अंबाडीचं फूल:
मध्ये काळसर लाल, कडेला पिवळं पडू लागलेलं.

नळावर हंडा उचलताना पदर सरकला
आणि बाया गप्प झाल्या.
मला ती गप्पगप्प कळते.
मीही कितीदा अशी गप्प राहिले आहे
दुसरीच्या गालाकडं, दंडाकडं बघून.
मी म्हटलं, रायफलीनं झालं.
कुणी हं म्हटलं. कुणी बादली सरकवली.
पुष्पामावशीनं दुपारी आंबेहळद पाठवली
कागदाच्या पुडीत, निरोप न देता.
नवरा बिचारा आठ दिवस
पानठेल्यावर गेला की लोक त्याच्याकडं बघायचे
आणि त्याला कळायचं नाही काय झालं.

वच्छला तेवढी संध्याकाळी आली.
दारात उभी राहिली, चप्पल न काढता.
लई लागते का, म्हणाली.
म्हटलं, पहिली लागते.
धरायचं कळलं की मग तेवढी नाही.

तिनं माझ्या खांद्याकडं पाहिलं,
मग स्वतःच्या बाहीवरून हात फिरवला,
बाही मनगटापर्यंत ओढली
अशा उकाड्यात.

आन् भरती कव्हा असते वं तुमची?