कडेच्या चार ओळी

शेडबाळच्या शिवारात शाळू पेरताना
कडेनं चार ओळी करडई टाकायची,
ही माझ्या सासऱ्यांची रीत.
जिनगोंडा मास्तर. शाळेत भूगोल, रानात पाभर.
"जनावर तोंड घालत नाही," म्हणायचे,
"आणि बांध कोरणारा
कुदळ उचलण्याआधी धोतर सावरतो."

पहिला महिना करडई कुणालाच काही करत नाही.
पानं मातीला गाल लावून पडलेली, मऊ.
मी ओंजळभर खुडून आणते,
लसणीवर परतते, वर मूगडाळ.
मग आठ-पंधरा दिवसांत काय होतं कोण जाणे,
देठ ताठ होतो, पानांना दात फुटतात,
आणि मगदुमांची म्हैस
आमच्या रानाला लांबूनच वळसा घालते.

फूल येतं पौषात.
आधी हळदीचं, मग केशरी,
सुकताना जुन्या लुगड्याच्या काठासारखं तांबडं.
शेजारच्या पट्टीतलं सूर्यफूल
पोरवयात दिवसभर मान फिरवत असतं.
हिचं तसं नाही.
ही आहे तिथून बघते.

बांधापलीकडं कल्लव्वाचं रान.
तिच्याही कडेला चार ओळी.
तिची कुसुबी, माझी करडई.
पौषात आठ ओळी एकमेकींत अशा शिरतात
की बांध शोधायला काठी लागते.
(इथं मास्तरांनी मधमाशीचा दाखला दिला असता,
पंधरा ऑगस्टला हमखास द्यायचे.
मी देत नाही.
त्या वर्षी मधमाश्या कमी आणि मावाच फार होता.)

मास्तर गेले त्या फाल्गुनात
काढणी पहिल्यांदा माझ्या एकटीवर आली.
नवरा साखर कारखान्यात,
गाळप संपेपर्यंत त्याचा फक्त डबा घरी येतो.
मी आपली जेवणखाण उरकून
दहाच्या उन्हात विळा घेऊन उभी.
एक ओळ झाली नाही तोवर
दोन्ही हात चाळणीसारखे.

कल्लव्वा बांधावर बसून हसली.
हसू आवरल्यावर जवळ आली,
तोंडातलं पान एका गालात सारून म्हणाली,
"उन्हात काटा मालक असतो गं.
मुंजाने बा. लगू बा."
मुंजाने म्हणजे पहाटे, हे मला ठाऊक होतं.
काट्याचं मात्र कुणीच सांगितलं नव्हतं:
रात्रभर दव पिऊन तो ढिला पडतो,
सूर्य वर येईपर्यंत
माणसाशी जरा बरा वागतो.

चार वाजता गेले.
ती आधीच वाकलेली,
हातात थोरल्या लेकाचे मोटारसायकलचे हातमोजे.
एक तिनं घातला, एक मला दिला.
एका हातानं धरायचं, दुसऱ्यानं कापायचं,
बोलायचं नाही,
बोललं की दव वाळतं, असं तिचं म्हणणं.
उजाडताना तिनं बॅटरीच्या उजेडात
माझ्या तळव्यातले काटे सुईनं काढले,
मोजत: ओंदु, एरडु, मूरु...
अकरानंतर मी मोजायचं सोडलं, तिनं नाही.

उताऱ्यात या ओळी कुठंच नाहीत.
तिच्या नातवानं वाचून दाखवलं:
पीक, जोळ. म्हणजे शाळू.
"आणि कडेचं?" मी विचारलं.
त्यानं कागद उलटा करून पाहिला.
"कडेला रकानाच नाही, काकू."

दाणा मात्र पांढरा, टणक, दुधाच्या दातासारखा.
बडवून, उफणून दीड पोतं भरलं,
त्यात तिचं किती, माझं किती,
यावर आम्ही अजून भांडतो.
घाण्यावरून आलेलं तेल
गरम भाकरीवर सोडलं
की घरभर तोच वास, जरा कडू, जरा दाण्याचा.

यंदा म्हणाली, हातमोजे तुझ्याकडंच राहू दे,
लेक पुण्याला गेलाय, गाडी विकली.
डाव्याचा अंगठा उसवलाय.
शिवायला हवा,
पेरणीच्या गडबडीत राहून जाईल.