शोधलं कायले

मे महिन्यात नागपुरात देवाला हाक मारायची
तर कूलरच्या वरच्या पट्टीत मारावी लागते.
आमची रात्रीची प्रार्थना तशीच होते, ओरडून:
'आजचा दिवस बरा गेला, प्रभू',
घरंघरं घरंघरं,
'आईच्या वॉर्डातल्या सगळ्यांना झोप दे.'

गोष्टी सांगायचं काम तिचं.
ती पलंगावरची चादर दोन मुठींत धरून
मधोमध समुद्र उघडायची,
आणि पोरं पाय न भिजवता पलीकडे जायची.
सोमवारपासून तिला मेयोत रात्रपाळी,
आणि माझ्याकडे आलं लाल कडांचं जाड पुस्तक,
तबीथा, वय नऊ, आणि अनुग्रह, वय पाच.
मी अजनीच्या शेडमध्ये इंजिनाचे ब्रेक तपासतो.
मला थांबवता येतं, रंगवता येत नाही.
पहिल्या रात्री नोहाचं तारू चार मिनिटांत डोंगराला लागलं.
'संपलं?' अनुग्रह म्हणाला. 'पाऊस तर पडलाच नाही नीट.'

काल हरवलेल्या नाण्याचं पान काढलं.
एक बाई. दहा नाणी, चांदीची. एक हरवलं.
एवढं वाचलं आणि लाइट गेली.

कूलर दोन-चार गिरक्या घेऊन थांबला,
वाळ्याच्या ताटीतून पाणी टपकत राहिलं,
आणि मोहननगरच्या गल्लीतला एकेक आवाज
आपापल्या घरातून बाहेर येऊन उभा राहिला:
कुणाचा कुकर, वानखेडेकाकूंचा खोकला,
लांब यार्डात डब्याला डबा लागल्याचा धक्का.

'मग तिनं काय केलं?'
दिवा लावला, म्हटलं. घर झाडून काढलं.
तबीथानं मोबाईलचा टॉर्च लावला.
अनुग्रह झाडू घेऊन आला, त्याच्याहून उंच.
मी अजून पानावर बोट ठेवून बसलेलो.

दिवाणाखालून निघाल्या संत्र्याच्या वाळक्या बिया,
मागच्या नाताळची चांदणी, दोऱ्यासकट,
तबीथाचा दुधाचा दात,
जो मी गच्चीवर फेकला असं छातीठोक सांगितलं होतं,
आणि हिच्या गणवेशाची पिन,
जिच्यावरून जानेवारीत आम्ही दोन दिवस बोललो नव्हतो.

'काय हरवलं, साळवे?'
काकू दारात, हातात मेणबत्ती.
'नाणं,' अनुग्रह म्हणाला, 'चांदीचं. आमचं नाही, एका बाईचं.'
'अगंबाई,' म्हणाल्या, आणि दुखऱ्या गुडघ्यांवर हात टेकून
कपाटाखाली बघू लागल्या.

शेवट अंधारातच सांगितला.
सापडलं. बाईनं शेजारपाजारच्या सगळ्या जणी गोळा केल्या,
घरात नुसता आनंदीआनंद.
'जेवायले काय होतं?'
लिहिलेलं नाही, म्हटलं.
'सावजी असंल,' काकू म्हणाल्या.
तबीथा बोटांवर हिशेब करत होती.
'पण बाबा, एवढ्या बायकांले खाऊ घालण्यात
ते नाणं खर्चूनच गेलं असंल न?
मग शोधलं कायले?'

मी लहानपणी नऊ वर्षं संडे स्कूलच्या बाकावर बसलो,
हजेरीचं बक्षीसही आहे, कंपासपेटी,
पण हे कुणी विचारलं नव्हतं.
टॉर्च धरून पुढं पाहिलं.
पुढं दुसरीच गोष्ट सुरू होते.

मग प्रार्थना. कूलर बंद, म्हणून ओरडणं नाही.
अनुग्रहचा प्रार्थनेतला खरा आवाज
मी पहिल्यांदा ऐकला, पिठासारखा बारीक:
'प्रभू, लाइट आण. नाही आणली तरी चालते,
पण दवाखान्यातले पंखे चालू ठेव.
आणि त्या बाईले अजून एक नाणं दे.'
काकूंनी डोळे मिटले होते, हात त्यांच्या सवयीचे जोडलेले.
त्यांचं आमेन आमच्यामागून एकटं आलं,
जरा घाबरत.

सकाळी ही आली. पिन टेबलावर, बशीत ठेवली होती.
पाहिली. काही बोलली नाही.
तबीथा अंथरुणातूनच:
'आई, खर्चच करायचं होतं तर शोधलं कायले?'
'आधी दात घास,' ही म्हणाली,
आणि चपला न काढताच
रव्याचा डबा खाली घेतला,
आमच्या चौघांसाठी चार मुठी,
मग थांबून, काकूंच्या घराकडे बघत,
अजून दोन.