हेस्टर ग्रीनवुडची श्रवणचाचणी

टॉडमॉर्डनला कालव्याकाठी, बेकरीच्या डोक्यावर माझी खोली.
भिंतींना फोम, एक खुर्ची, हेडफोन, बटण.
आवाज आला की दाबायचं. इतकंच.

सकाळी हेस्टर आली. वय एक्क्याण्णव.
कोपराला ठिगळ लावलेलं स्वेटर, पायात पुरुषी बूट.
"गेलेल्या मुलाचे," न विचारता म्हणाली,
"तळवे शाबूत आहेत, टाकायचे कशाला?"

मी तिला ओळखत होते, तिला ठाऊक नसताना.
इथल्या पहिल्या हिवाळ्यात घरमालक डेरेकने
बिस्किटांच्या डब्यातून कॅसेट काढून दिल्या होत्या:
ऐक हिला, टीव्हीपेक्षा बरी.
साल त्र्याऐंशी, कुठलासा चॅपलचा हॉल,
मागे कुणाचं तरी बाळ किरकिरतंय
आणि ही सांगतेय, देव शोधायला निघालेल्याने
आधी आपण भाडं कोणाला भरतो ते बघावं.
हशा. खुर्च्यांची करकर.
मग नुसती टेप फिरतेय, फिरतेय.
मला वाटलं, बिघडली.
डेरेक म्हणाला, छे, ती मध्येच गप्प बसायची,
नऊ-नऊ मिनिटं.
निम्मे उठून जायचे. उरलेल्यांत मी.

क्षेपणास्त्रांच्या तळाचं कुंपण
हिने लोकरीने विणून टाकलं, म्हणून तीन आठवडे कैद.
तिथून ती कुलपं दुरुस्त करायला शिकून आली.
पंथ काढला नाही, पुस्तक लिहिलं नाही.
भक्त दारात आले तर त्यांना
कोबीला पाणी घालायला लावायची.

मी बाहेरून सूर सोडत गेले, बारीक, अजून बारीक.
कागदावरची रेघ उतरत गेली
घाटातल्या रस्त्यासारखी.
मध्ये तीनदा तिने बटण दाबलं,
मी काहीच वाजवलं नव्हतं तेव्हा.
"काही नव्हतं," मी लिहून दाखवलं.
"होतं की," ती म्हणाली.

माझे बाबा इचलकरंजीचे. कान पॉवरलूमने खाल्ले.
आमच्या घरी लाडसुद्धा ओरडून व्हायचे,
शेजाऱ्यांना वाटायचं, रोजची भांडणं.
हे मी तिला का सांगितलं कोण जाणे,
आणि तेही मराठीत, अर्धंमुर्धं.
तिने माझ्या ओठांकडे टक लावून पाहिलं.
तिची आई इथल्याच गिरणीत, मागावर.
त्या खडखडाटात बायका आवाजाशिवाय बोलायच्या,
तोंड मोठं करून, एकेक अक्षर चावत.
हेस्टरने तसंच काहीतरी म्हटलं मला.
मी सावरून बसले. चाळीस वर्षं लोक जिला ऐकायला
डोंगर चढून आले, तिचं वाक्य, फक्त माझ्यासाठी.
ती म्हणत होती: चहा मिळेल का?

यंत्र तिने एकच घेतलं.
"दुसरा कान राहू दे. त्याला सवय झालीय."

ती गेल्यावर मी दार लावून आत बसले,
हेडफोन चढवून, काहीही न वाजवता.
दोन मिनिटं. तीन. कंटाळा आला, मग भीती वाटली,
मग बाबांचा घसा साफ करण्याचा आवाज आठवला.
मग पायांखाली
धप्प.
खाली बेकरीत कोणीतरी पावांचा ट्रे ठेवला होता.
या खोलीत बाहेरचं काही येत नाही,
असं सहा वर्षं मी सगळ्यांना सांगत आलेय.
अंगठा बटणावरच होता.