नऊ इंची भिंत

धुळ्यात, बंद गिरणीच्या मागे,
बारा इमारती दोन ओळींत बसल्यात
पंगतीला बसल्यासारख्या, समोरासमोर.
मधल्या चौकाला निळ्या नकाशावर नाव दिलंय
मोकळी जागा.

एक खोली, बारा बाय दहा.
स्वयंपाकाला सात बाय सहा, मोरी अडीच.
ज्यानं हे काढलं त्याला इथलं ऊन माहीत होतं :
पश्चिमेला एकही खिडकी नाही,
जिन्याला सिमेंटची जाळी.
मे महिन्यात चार वाजता
पायऱ्यांवर नुसती भोकाभोकांची सावली सांडते
आणि लोटन वायरमन तिथे बसून
कालचा पेपर वाचतो.

मी पालिकेचा. पाडण्याआधीची मोजणी.
टेपचं दुसरं टोक द्वारकाबाईंनी धरलं,
त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.
"काय मोजस भो? या खोलीमा
आम्ही नऊ जन व्हतूत. ते लिख."

एकशे वीस चौरस फूट, मी लिहिलं.
उन्हाळ्यात किती खाटा चौकात उतरायच्या,
गच्चीत कुणाचे बिबडे कुठवर पसरायचे,
याला रकाना नाही.
जिन्याचं वळण तीन फुटी.
कपाट वळेना, म्हणून हिलाल मिस्त्रीनं
ते खालीच उभं कापलं आणि वर नेऊन जोडलं.
सांधा अजून दिसतो.

मग सतरा आणि अठराच्या मधली भिंत.
कागदावर नऊ इंच, सलग.
फडताळात डबे सरकवले
तर माझा हात पलीकडे गेला.

दोन विटांएवढं भोक.
कडा गुळगुळीत, बोटांनी काळ्या पडलेल्या.

"गिरणी बंद पडनी तवयनं," द्वारकाबाई म्हणाल्या.
"पलीकडे सुगराबी. गॅलरीमा सगळा देखतस.
आठून घडी करीसन भाकर जाये.
तिले बी लाज नही, माले बी नही."

एवढा विचार करून काढलेली ती गॅलरी,
वारा खेळावा, शेजार दिसावा म्हणून
या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडी.

दाराला खूण असते, खिडकीला असते,
झरोक्यालाही असते.
मी पेन्सिल धरून बसलो.
सहा बाय नऊ, एवढंच लिहिलं,
पुढे काही नाही.

अठरा नंबरला आता कुलूप आहे.
तरी निघताना पाहिलं :
द्वारकाबाईंनी हळदीचा डबा उचलला
आणि भोकापुढे
नेमका पहिल्या जागी ठेवला.